आधी एक पावसाळा तिथे काढा

डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ३४. घरात त्या, यजमान, सिनिअर केजीतली मुलगी आणि सासूबाई. लग्नाला नऊ वर्षं झाली, तेवढ्यात चार घरं बदलली, सगळी भाड्याची. सध्याच्या वन बीएचकेचं भाडं १७,००० रुपये. दोघांचा मिळून पगार हातात १,०५,००० येतो, शिल्लक १४ लाख आहे. यजमानांनी बदलापूर पश्चिमेला एका टॉवरमध्ये टू बीएचके पसंत केलाय. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्र, ५१५ चौरस फूट, किंमत ४४ लाख, १८ मजल्यांपैकी सहावा स्लॅब पडलाय, ताबा अडीच वर्षांनी. दसऱ्यापर्यंत बुकिंग केलं तर दीड लाखाची सूट. मैत्रिणीचा जीव मात्र डोंबिवलीतच, टिळकनगरच्या बाजूच्या एका जुन्या वन बीएचकेत अडकलाय. १९९०ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ४८ लाख. ‘सोसायटी लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार’ असं एजंट सांगतो. त्यांची नोकरी मरोळला, घाटकोपरहून मेट्रोने. यजमानांची ठाण्यात, वागळे इस्टेटला. त्या लिहितात, “नऊ वर्षांत पंधरा लाख भाड्यात घातले, हातात काय? नातेवाइकांत गेलं की पहिला प्रश्न तोच. पण बदलापूर म्हटलं की पोटात गोळा येतो. मी घाबरट आहे का?”

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही घरांचा मजला, भाव, चौरस फूट सगळं त्यात आहे. पण बदलापूरहून मरोळला तुम्ही किती वाजता निघाल आणि किती वाजता घरी पोचाल, याची एक ओळ नाही. सासूबाईंना काय हवंय, याचीही नाही. तुम्ही घाबरट नाही आहात. हे हिशेब अजून कुणी मांडलेच नाहीत, आणि ते तुमच्या मनाला कळतंय.

आधी त्या पंधरा लाखांचं बोलू, कारण सगळी घाई तिथून आली आहे. ४४ लाखांच्या घरावर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३५ लाख २० हजार देईल. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादाच तेवढी आहे. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर हप्ता साधारण ३०,५५० बसतो. पहिल्या महिन्याच्या या हप्त्यातले जवळपास २५,००० नुसतं व्याज असतं, मुद्दल फिटते साडेपाच हजारांची. घरमालकाला दिलेले १७,००० वाया आणि बँकेला दिलेले २५,००० कमाई, असा हिशेब लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीत फार सहज मांडला जातो. २० वर्षांत हे व्याज ३८ लाखांवर जातं. बँकेकडून परतफेडीचा पूर्ण तक्ता मागून घ्या आणि दोघं एकत्र बसून पाहा. नऊ वर्षांचं भाडं वाया गेलं ही बोच थोडी तरी कमी होईल. त्या पैशात तुम्ही स्टेशनजवळ राहिलात, सासूबाईंना सांभाळलंत, वर १४ लाख मागे टाकलेत. लाज वाटावी असं यात काय आहे?

म्हणून घर घेऊच नका, असं मी सांगणार नाही. भाडं दरवर्षी चढतं. हप्ता व्याजदर हलला नाही तर तिथेच राहतो आणि पगार वाढेल तसा हलका होत जातो. शिवाय तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे, ती माझ्या मनातून जात नाही. मुलीने भिंतीवर खडूने मोठा मोर काढला आणि तुम्ही तिला ओरडलात, कारण डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जातील. मग रात्री ती झोपल्यावर ओल्या फडक्याने मोर पुसताना तुम्हाला रडू आलं. स्वतःचं घर हवं ते यासाठी, आणि ही इच्छा कुठल्याही हिशेबाइतकीच खरी आहे.

पण या दुखण्यावर एक उपाय आज, भाड्याच्या घरातही आहे. भाड्याच्या घराचा करार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिन्यांचाच असतो, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. कायद्यात तसं काही नाही. महाराष्ट्रात करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदणी करावीच लागते, त्यामुळे मुदत कमी ठेवून काही वाचत नाही. पाच वर्षांपर्यंतचा करार करता येतो. घरमालकाशी ३६ महिन्यांचं बोला, दरवर्षीची वाढ आधीच ठरवून घ्या आणि मधल्या काळात त्याला घर रिकामं करून मागता येणार नाही असा लॉक-इन लिहून घ्या. नऊ वर्षांत कुणीतरी हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता बदलापूर. ४४ लाख ही फक्त सुरुवात आहे. स्वतःचा हिस्सा ८ लाख ८० हजार, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून तीन लाखांच्या आसपास, त्यावर सोसायटीचे, मीटरचे, आगाऊ मेंटेनन्सचे दोन-अडीच लाख. शिवाय जीएसटी. बांधकाम चालू असलेल्या घराला कार्पेट ६० चौरस मीटरच्या आत आणि रक्कम ४५ लाखांच्या आत असेल तर तो १ टक्का, नाहीतर ५. आणि ही ४५ लाखांची मर्यादा मोजताना पार्किंग, फ्लोअर राइज म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, डेव्हलपमेंट चार्जेस असे आकारही धरले जातात. तुमच्या ४४ वर असे सव्वा लाख चढले की जीएसटी ४४ हजारांवरून सव्वादोन लाखांच्या पुढे जातो, आणि दसऱ्याची दीड लाखाची सूट तिथेच जिरते. एकूण खर्चाचा कागद सही-शिक्क्यासह मागा, तोंडी आकड्यावर जाऊ नका. माझ्या हिशेबाने तुमचे १४ लाख ताबा मिळायच्या आधीच संपतात. सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, एका नोकरीवर गदा आली, तर हातात काही नाही.

आणि ताबा मिळेपर्यंतची अडीच वर्षं भाडंही चालू आणि बँकेचं व्याजही चालू. शेवटी-शेवटी दोन्ही मिळून महिन्याला ४२,००० होतील. हे मी अनुभवावरून सांगते. आम्ही २००४मध्ये अंबरनाथला बुकिंग केलं. दोन वर्षांत चावी देतो म्हणाले, मिळाली साडेचार वर्षांनी. मधल्या काळात माझ्या पाटल्या गेल्या, त्या परत झाल्याच नाहीत. राहायला गेलो तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायची पालिकेची परवानगी, नव्हतं, म्हणून नळजोडणी नव्हती, म्हणून टँकर. पहिल्या रात्री तिसऱ्या मजल्यावर कळशीने पाणी चढवलं ते अजून खांद्यांना आठवतं.

तेव्हा घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा रेराचा कायदा नव्हता. आज आहे, आणि त्याचा आधार मोठा आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के भाग त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. पण प्रकल्पाचा नुसता महारेराचा नोंदणी नंबर पाहून निश्चिंत होऊ नका. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तो नंबर मिळवला होता, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्यांचे हप्ते काही थांबले नाहीत. तुमच्या टॉवरचा बांधकाम परवाना घेऊन एक दिवस कुळगाव-बदलापूर नगरपालिकेच्या नगररचना विभागात जा आणि हा नंबर तुमच्या दफ्तरात आहे का, किती मजल्यांना आहे, एवढं विचारा. सातबारा, बिगरशेती आदेश आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून काढून घ्या. बिल्डरच्या वकिलाचा रिपोर्ट बिल्डरसाठी असतो.

प्रवासाचं मात्र सविस्तर बोलायला हवं. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. घाटकोपर १९. म्हणजे आज तुम्ही २९ किलोमीटर लोकलने जाता, ते ४९ होतील, वर मेट्रो आहेच. यजमानांचं ऑफिस ठाण्यात, त्यांचा प्रवास ३५ किलोमीटरच्या आत राहील. वाढ दोघांचीही वीस किलोमीटरचीच, पण ज्यांनी घर पसंत केलं त्यांचा प्रवास ठाण्याला संपतो, तुमचा तिथून पुढे घाटकोपर आणि मेट्रोपर्यंत चालूच राहतो. त्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण हा फरक त्यांना दिसला नसेल हे अगदी शक्य आहे. सांगा त्यांना. भांडून नाही, वेळापत्रक पुढ्यात ठेवून.

यात बदलापूरच्या बाजूचंही एक आहे. डोंबिवलीला सकाळी आठ-साडेआठला लेडीज डब्यात शिरणं काय असतं ते तुम्ही रोज भोगता. बदलापूरहून सुटणारी गाडी धरली तर बसायला जागा मिळू शकते, आणि बसून केलेला दीड तास उभ्याने, बॅग छातीशी धरून काढलेल्या तासापेक्षा कमी थकवतो. कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी मात्र भरूनच येते. संध्याकाळचं गणित उलटं. घाटकोपरला डोंबिवलीसाठी कल्याण, आसनगाव, टिटवाळा, कुठलीही गाडी चालते. बदलापूरसाठी बदलापूर किंवा कर्जत लाइनचीच हवी. ती हुकली की फलाटावर उभं राहा, नाहीतर कल्याणला उतरून गाडी बदला. मुलगी साडेसातला वाट पाहत बसलेली असते तेव्हा ही वीस मिनिटं फार मोठी असतात.

म्हणून एक करा. या महिन्यात सलग पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार, सकाळी डोंबिवलीहून आधी बदलापूरला जा आणि तिथून ऑफिस गाठा. संध्याकाळी बदलापूरला उतरा, त्या टॉवरपर्यंत शेअर रिक्षाने जा, गेटला हात लावा आणि मग डोंबिवलीला परता. दगदग होईल, पण पाच दिवसांत कळेल ते पाच वर्षांनी कळण्यापेक्षा बरं. यजमानांनाही दोन दिवस बरोबर न्या. मेट्रो होणार, तिसरी-चौथी मार्गिका होणार, हे सेल्स ऑफिसच्या भिंतीवर असेलच. होईल तेव्हा आनंदच आहे, पण घर आजच्या गाड्यांवर घ्यायचं.

आता पाणी. बदलापूर पश्चिमेचा बराच भाग उल्हास नदीकडे उतरत जातो. २६ जुलै २००५ आपल्या सगळ्यांना आठवतो. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, ते याच नदीचं पाणी. हेंद्रेपाडा, रमेशवाडी या भागांत घराघरांत पाणी शिरलेलं आहे. म्हणून अख्खं बदलापूर वाईट ठरत नाही. पूर्वेला आणि पश्चिमेच्याही उंचावरच्या भागात लोक पिढ्यान् पिढ्या सुखाने राहतात. पण तुमचा प्लॉट पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे, हे कळायलाच हवं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नगररचना विभागात परवाना तपासायला जाल तेव्हा हा नकाशाही पाहायला मागा. आणि नकाशाइतकंच, टॉवरच्या आसपासच्या किराणावाल्याला, दूधवाल्याला, जुन्या चाळीतल्या आजीला विचारा, “२०१९ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?” लोक हाताने दाखवतात. एकीने मला तुळशी वृंदावनावर बोट ठेवून दाखवलं होतं. वरच्या मजल्यावर घर असलं म्हणून सुटका नाही. लिफ्टचा खड्डा, पंप, मीटर, गाड्या सगळं खालीच असतं, आणि तीन दिवस वीज नसली तर सासूबाई वरच अडकतात.

टिळकनगरच्या घराबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे मोह स्वच्छ आहे आणि अडचणीही स्वच्छ आहेत. जुन्या घराला जीएसटी नाही, उद्यापासून राहता येतं, भाडं बंद. फडके रोड पायाखालचा, गणेश मंदिर जवळ, मुलीच्या मैत्रिणी तिथेच. पण ‘लवकरच रिडेव्हलपमेंट’ या शब्दांवर एक रुपयाही जास्त देऊ नका. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा, ठराव झालाय का पाहा. जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी हस्तांतराचा दस्त, सोसायटीच्या नावावर आहे का विचारा. सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांत ते बिल्डरने करून द्यायचं असतं, कित्येक ठिकाणी तीस-तीस वर्षं झालेलं नाही. मग जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, जावं लागतं, आणि त्याशिवाय पुनर्विकासाचं पान सहसा हलत नाही. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा रिपोर्ट दाखवायला सेक्रेटरी टाळाटाळ करत असतील तर तेच उत्तर समजा. एवढ्या जुन्या इमारतीला कर्ज देताना बँका मुदत आणि रक्कम दोन्हीत हात आखडता घेतात, तेव्हा टोकन द्यायच्या आधी बँकेत विचारून या. आणि रिडेव्हलपमेंट झालंच, तर दोन-तीन वर्षं तुम्ही पुन्हा भाड्याच्या घरात. म्हणजे सामानाचा आणखी एक टेम्पो.

मग मी तुमच्या जागी असते तर? दसऱ्याला बुकिंग केलं नसतं. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार, म्हणजे शाळेचा निर्णय तसाही दारात आहे. डिसेंबर-जानेवारीत बदलापूरच्या दोन-तीन शाळा पाहून ठेवा. पटल्या तर मे महिन्यात, त्याच टॉवरच्या परिसरात, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या एखाद्या तयार इमारतीत भाड्याने राहायला जा. हा करार मात्र अकरा महिन्यांचाच करा. तिथलं भाडं डोंबिवलीपेक्षा कमीच पडेल. जून ते सप्टेंबर एक अख्खा पावसाळा काढा. नळाला पाणी किती वेळ येतं, रात्री नऊनंतर रिक्षा मिळते का, सासूबाईंना बोलायला कुणी भेटतं का, हे तिथे राहूनच कळतं. पटलं तर तिथलंच तयार घर घ्या. जीएसटी नाही, दुहेरी ओझं नाही, आणि भिंतीची ओल डोळ्यांनी पाहून भाव करता येतो. नाही पटलं तर एका टेम्पोचं भाडं गेलं, ४४ लाख नाही. यजमान म्हणतील, वर्षभरात भाव वाढतील. वाढू शकतात, दोन लाख जास्त द्यावे लागतीलही. ते मी देईन, पण न राहिलेल्या जागी वीस वर्षांचं कर्ज काढणार नाही. आणि दसऱ्याची सूट गेली म्हणून हळहळू नका, दिवाळीला फोन येतोच.

कुठलंही घर घेतलंत तरी शिल्लकेतले चार लाख बाजूला काढून मगच बजेट ठरवा. आणि तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की कर्ज दोघांच्या नावावर, घर मात्र ‘सोयीसाठी’ यजमानांच्या एकट्याच्या. हे जाता जाता लिहायचं नव्हतं. हप्त्याची निम्मी रक्कम तुमच्या पगारातून जाणार असेल तर करारावर तुमचं नाव हवंच. सोयच पाहायची तर घर फक्त बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ४४ लाखांवर ४४ हजार. नवऱ्याचं नाव जोडीला आलं की ती मिळत नाही. हा आकडा त्यांच्यापुढे ठेवा. ते एकट्या तुमच्या नावाला तयार झाले नाहीत तर निदान दोघांचं नाव, यावर मागे हटू नका.

राहिल्या सासूबाई. त्यांना बदलापूरला रविवारी सॅम्पल फ्लॅट दाखवायला नेऊ नका, तिथे एसी असतो आणि चहा मिळतो. मंगळवारी संध्याकाळी न्या, स्टेशनपासून रिक्षाने, आणि त्या गेटबाहेर त्यांना अर्धा तास बसू द्या. टिळकनगरचे तीन मजलेही एकदा त्यांना चढू द्या, हातात भाजीची पिशवी देऊन. मग विचारा, आणि त्या “तुम्हाला बरं वाटेल ते करा” म्हणाल्या तर तेवढ्यावर सोडू नका, पुन्हा विचारा.

आणि आज घरी जाताना स्टेशनरीच्या दुकानातून ब्राऊन पेपरचा मोठा रोल घ्या. मुलीच्या उंचीला, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटपट्टीने लावा. रंगाचे पैसे कापले जाणार नाहीत, आणि मोर रात्री पुसावा लागणार नाही.